मैंदर्गी जागीच राहिली, विद्यापीठ बदलले

१/ अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गीचा एखादा कबड्डीपटू सोलापूरच्या महाविद्यालयात शिकत असे, तेव्हा विद्यापीठ संघात निवड होण्यासाठी त्याची नजर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे लागलेली असे. १ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूर जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले आणि कालचे सहकारी आंतरविद्यापीठ मैदानावर प्रतिस्पर्धी ठरले.

२/ ही फेरमांडणी शासनाच्या निर्णयाने झाली. अमेरिकेत ती दूरचित्रवाणीच्या पैशाने होते. १९८४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने महाविद्यालयीन फुटबॉलच्या प्रक्षेपणावरील राष्ट्रीय संघटनेची पकड मोडली. सामने विकण्याचा हक्क विद्यापीठांकडे व त्यांच्या गटांकडे आला. परिणाम असा की २०२४ मध्ये ‘पॅक-१२’ गटातील बारांपैकी दहा विद्यापीठे बाहेर पडली. पॅसिफिक किनाऱ्यालगतचे स्टॅनफर्ड अटलांटिक किनाऱ्याच्या गटात गेले!

३/ आपल्याकडे हा पैसा विद्यापीठांना वळसा घालून गेला. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली, खेळाडूंचे लिलाव झाले. विद्यापीठीय कबड्डीला तो बाजार लाभला नाही.

४/ तेथे पैशापायी खेळाडूचा प्रवास लांबला. येथे विद्यापीठ मैंदर्गीच्या जवळ आले, प्रेक्षक मात्र दूरच राहिला.