नववी फ्लॉपी

फ्लॉपी जन्मली ती तुमच्या-माझ्या फायली जपायला नव्हे. १९७१ साली आयबीएमने आठ इंची फ्लॉपी आणली, ती मोठ्या संगणकात सुरुवातीच्या सूचना भरण्यासाठी. मावायचं जेमतेम ८० किलोबाइट. साठवणीचं ओझं तिच्यावर नंतर आलं.

ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आली. सीडीवर, नाहीतर १३ फ्लॉप्यांवर. १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीत निराळी आखणी करून १.६८ बसवले, म्हणून तेरावर भागलं! आमच्या गावच्या एका दुकानात माझ्या संगणकात त्या एकेक करून चढत होत्या. नववीला घरघर झाली नि काम अडलं. हार्डडिस्क आधीच पुसलेली. तिच्यात माझ्या एकोणीस कविता होत्या. संमेलनांत म्हटलेल्या चार पाठ होत्या, तेवढ्या वाचल्या. अब्बा म्हणाले, "वहीत का नाही उतरवल्यास?" काय सांगणार?

सीडीत ६५० मेगाबाइट मावत, पण विंडोज ९५ची सीडी घालायची तरी आधी संगणक फ्लॉपीवरून सुरू करावा लागे. थेट सीडीवरून सुरुवात करण्याची पद्धत त्याच वर्षी ठरली होती; तिला 'एल टोरिटो' हे एका उपाहारगृहाचं नाव मिळालं. रुळायला मात्र वेळ लागला. २००१ च्या विंडोज एक्सपीलाही नव्या धर्तीची हार्डडिस्क ओळखू आली नाही, की एफ-६ दाबून फ्लॉपीच द्यावी लागे.

मार्च २०११ मध्ये सोनीने जपानात फ्लॉपीची विक्री थांबवली. आता पेनड्राइव्हवर काम होतं. ती नववी फ्लॉपी दुकानदाराने मलाच देऊन टाकली. कपाटात आहे अजून, कवितांच्या वह्यांखाली.