भोर-वेल्ह्याला निघताना टायरमध्ये हवा किती?

पुण्याहून राजगड, तोरणा किंवा वरंध घाटाकडे निघालेला वाहनचालक टायरमधील हवा तपासतो ती बहुधा वाटेवरच्या पेट्रोल पंपावर. कात्रजचा बोगदा मागे टाकून सातारा महामार्गावर अर्धा-पाऊण तास धावल्यानंतर टायर चांगलेच तापलेले असतात. दरवाजावरील स्टिकर 33 पीएसआय सांगतो आणि गेज मात्र 37 दाखवते. 'हवा जास्त झाली' असे म्हणून चार पीएसआय हवा सोडून दिली जाते, आणि गाडी चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याकडे अथवा कापूरहोळवरून भोरकडे वळते. नेमकी चूक घडते ती येथे.

वाहन उत्पादकाने सांगितलेला दाब हा थंड टायरचा असतो. गाडी किमान तीन तास उभी असेल, अथवा दोन-तीन किलोमीटरच काय ती चालली असेल, तरच टायर थंड समजावा. तापमान सुमारे साडेपाच अंशांनी वाढले की मोटारीच्या टायरमधील दाब साधारण एक पीएसआयने वाढतो, आणि ही वाढ टायरच्या रचनेत गृहीत धरलेली असते. तापलेल्या टायरमधून हवा सोडून 33चा आकडा साधला, तर तोच टायर दुसऱ्या दिवशी पहाटे गुंजवणे किंवा पाली गावात, गडाच्या पायथ्याशी, जेमतेम 29वर आलेला असतो. हिवाळ्यात त्याहूनही कमी. परतीच्या वाटेवर त्याच टायरवर पाच माणसे आणि त्यांच्या पाठपिशव्या लादल्या जातात.

हवा कमी असलेल्या टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते. या सततच्या वाकण्याने उष्णता निर्माण होते, आतील थर सैल होऊ लागतात आणि महामार्गाच्या वेगात टायर फुटतो. हवा प्रमाणाबाहेर असेल, तर टायर मध्यभागीच रस्त्याला टेकतो, पकड घटते आणि खड्ड्यातील आघाताने टायरला चीर पडू शकते. मात्र नजरेला कमी हवा सहसा कळत नाही. रेडियल टायर योग्य दाबातही खालच्या बाजूस थोडा फुगलेला दिसतो, त्यामुळे लाथ मारून हवा 'पाहण्याची' सवय सर्वस्वी निरुपयोगी आहे.

टायर फुटणे हा नशिबाचा भाग, ही समजूत न्यायालयानेही अमान्य केली आहे. ऑक्टोबर 2010 मध्ये पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या मोटारीचे मागील चाक फुटून झालेल्या अपघाताच्या प्रकरणात, ही ईश्वरी आपत्ती असल्याचा विमा कंपनीचा युक्तिवाद मुंबई उच्च न्यायालयाने 2023 मध्ये फेटाळला. अतिवेग, कमी किंवा जादा हवा, जुने टायर आणि तापमान ही टायर फुटण्याची कारणे असून प्रवासापूर्वी टायरची स्थिती तपासणे ही चालकाची जबाबदारी आहे, असे न्यायालयाने नमूद केले.

कॉम्प्रेसरचा खरा उपयोग

हातात मावणाऱ्या कॉम्प्रेसरकडे बहुतेक जण पंक्चरच्या वेळचे साधन म्हणून पाहतात. त्याचा मोठा लाभ वेगळाच आहे: गाडी जेथे रात्रभर उभी होती तेथेच, चाक फिरण्यापूर्वी, हवा भरता येते. निघताना घराच्या वाहनतळावर आणि परतताना गडाच्या पायथ्याशी, अशी दोनदा तपासणी केली की पंपावरील तापलेल्या आकड्याचा घोळ उरत नाही. (वेल्हे तालुक्याचे नाव 'राजगड' करण्यास राज्य मंत्रिमंडळाने 2024 मध्ये मंजुरी दिली, पुणेकरांच्या तोंडी मात्र वेल्हेच आहे.)

किती हवा भरायची, हे टायरवर वाचू नये. टायरच्या कडेवर छापलेला आकडा हा त्या टायरच्या कमाल दाबाचा असतो. योग्य आकडा चालकाच्या बाजूच्या दरवाजाच्या खांबावर, काही गाड्यांत इंधनाच्या झाकणाच्या आत, आणि माहितीपुस्तिकेत असतो. तेथे अनेकदा दोन ओळी असतात, एक कमी माणसांसाठी आणि दुसरी पूर्ण भारासाठी. सहलीला निघताना दुसरी ओळ पाहावी. तीत मागील चाकांचा दाब बहुधा अधिक दिलेला असतो. आकडे किलोपास्कलमध्ये असतील, तर 230 किलोपास्कल म्हणजे 2.3 बार, अर्थात सुमारे 33 पीएसआय.

गाडीच्या 12 व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा कॉम्प्रेसर बराच विद्युतप्रवाह खेचतो. त्या सॉकेटचा फ्यूज किती अँपिअरचा आहे आणि कॉम्प्रेसर किती अँपिअर घेतो, हे खरेदीपूर्वीच ताडून पाहावे. हवा भरताना इंजिन सुरू ठेवणे बॅटरीच्या हिताचे. बंदिस्त गॅरेजमध्ये मात्र ते कदापि करू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा. घाटउतारावर थांबणे भागच पडले, तर चाकाला दगड लावावा. लहान यंत्रे लवकर तापतात. सलग किती मिनिटे चालवायचे, हे त्यावर लिहिलेले असते आणि ते पाळावे. नळीचे पितळी टोक काढताना बोटे पोळतात.

यंत्राच्या गेजवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. हवा भरली जात असताना नळीतील दाबामुळे आकडा थोडा चढा दिसतो, शिवाय आट्यांचे टोक फिरवून काढताना थोडी हवा निसटते. म्हणून एक-दोन पीएसआय जास्त भरावे, नळी काढावी आणि स्वतंत्र गेजने मोजून जादाची हवा सोडावी. हे करावे ते अर्थातच थंड टायरवर. तापलेला टायर स्टिकरच्या आकड्याहूनही खाली दिसत असेल, तर त्या आकड्यापेक्षा तीन-चार पीएसआय अधिक भरून पुढे जावे आणि टायर थंड झाल्यावर पुन्हा मोजावे.

वरंध घाट उतरताना

भोरहून महाडकडे जाणारा वरंध घाट सह्याद्रीचा माथा सोडून थेट कोकणात उतरतो. पावसाळ्यात दरडींच्या धोक्यामुळे हा रस्ता वारंवार बंद ठेवला जातो, त्यामुळे निघण्यापूर्वी चौकशी करणे इष्ट. गेज दाखवते तो आतील व बाहेरील दाबांतला फरक. घाटमाथ्यावरून सुमारे सहाशे मीटर खाली आले की बाहेरील हवेचा दाब वाढतो आणि गेजवरील आकडा साधारण एक पीएसआयने घटतो. कोकणातील उकाडा ही घट बहुधा भरून काढतो. तेव्हा पायथ्याशी घाईने हवा भरण्याचे कारण नाही. ब्रेकची उष्णताही तेव्हा चाकांत उतरलेली असते. मुक्कामाच्या ठिकाणी दुसऱ्या दिवशी सकाळी मोजावे, हेच योग्य.

कच्च्या, दगडाळ वाटेवर हवा कमी करण्याचा सल्ला काही हौशी चालक देतात. वाळूत तो उपयोगी पडतो. रायरेश्वर किंवा मढे घाटाच्या परिसरातील धारदार दगडांवर मात्र सैल टायरची बाजूची भिंत कापली जाण्याची भीती असते.

ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला असेल, तर तो उपटू नये. खिळा आत असेपर्यंत हवा बहुधा हळूहळू जाते. कॉम्प्रेसरने हवा भरून सावकाश पंक्चरवाल्यापर्यंत पोहोचता येते. टायरची बाजू फाटली असेल किंवा हवा नसतानाच गाडी बरेच अंतर चालली असेल, तर हवा भरू नये, स्टेपनी लावावी. टायर रिमवरून सुटला असल्यास छोट्या यंत्राच्या मंद हवेने तो सहसा परत बसत नाही. ट्यूब असलेल्या टायरचे पंक्चर झाल्यावरही हे यंत्र कुचकामीच. गडांकडे निघणाऱ्या अनेक दुचाकींना आजही ट्यूब असते, हे दुचाकीस्वारांनी ध्यानात ठेवावे. दुचाकीला सहसा 12 व्होल्टचे सॉकेट नसल्याने त्यांनी स्वतःची बॅटरी असलेले यंत्र घ्यावे आणि ते आदल्या रात्री चार्ज करावे.

उरली स्टेपनी. टायरमधील हवा महिन्याकाठी एखाद्या पीएसआयने आपोआप घटत असते आणि डिकीतील चाकही त्याला अपवाद नाही. बारीक टायरची तात्पुरती स्टेपनी असेल, तर तिला बहुधा 60 पीएसआय लागतात. तो आकडा तिच्यावरच छापलेला असतो. ट्यूबलेस टायर, दाबसूचक यंत्रणा आणि दुरुस्ती संच असलेल्या मोटारींना 2020 मधील नियमबदलानंतर स्टेपनी बंधनकारक राहिलेली नाही. नवी गाडी असल्यास डिकीतील पुठ्ठा एकदा उचलून पाहावा. त्याखाली चाकाऐवजी कॉम्प्रेसर आणि छिद्र बुजविणाऱ्या द्रावणाची बाटली निघू शकते. त्या बाटलीवर मुदत छापलेली असते.