चंचल मुलांसाठी औषधापलीकडचे उपचार

बाकावर पाच मिनिटे स्वस्थ न बसणारा, डबा, पाण्याची बाटली आणि कंपासपेटी आलटून पालटून हरवून येणारा, प्रश्न पुरता ऐकण्याआधीच उत्तर देऊन मोकळा होणारा मुलगा प्रत्येक शाळेला परिचित असतो. ‘हुशार आहे, पण लक्ष नाही’ हा शेरा त्याच्या प्रगतिपुस्तकावर दर सत्रात उमटतो. अशा मुलांपैकी बऱ्याच जणांची चंचलता वयाबरोबर ओसरते. काहींच्या बाबतीत मात्र ती मेंदूच्या विकासाशी निगडित अवस्था असते. वैद्यकशास्त्रात तिला ‘अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर’ किंवा संक्षेपाने ‘एडीएचडी’ म्हणतात. मराठीत तिच्यासाठी ‘अवधानन्यूनता व अतिचंचलता’ असा शब्दप्रयोग केला जातो. जगभरातील पाहण्यांचा एकत्रित विचार करता शालेय वयातील सुमारे ५ टक्के मुलांत ती आढळते. मुलींच्या बाबतीत ती अनेकदा नजरेतून सुटते. त्यातल्या अनेक जणी वर्गभर धावत नाहीत, खिडकीबाहेर पाहत बसतात आणि त्याची तक्रार कोणी करीत नाही.

निदान झाले की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : औषधाशिवाय काही करता येणार नाही का? बरेच काही करता येते. पण त्यातून नेमके काय साधते आणि काय साधत नाही, हे आधी समजून घेतले नाही तर पैसा आणि वेळ तर जातोच, शिवाय मुलाची उमेदही खचते.

त्याआधी निदानाविषयी थोडेसे. लक्षणे किमान सहा महिने टिकलेली असणे, वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी दिसू लागलेली असणे आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी आढळणे आवश्यक मानले जाते. केवळ गणिताच्या तासाला अस्वस्थ होणाऱ्या मुलाची अडचण गणिताची असू शकते. दृष्टी आणि श्रवण तपासून घ्यावे. मूल रात्री घोरत असेल तर नाकामागील ग्रंथींची वाढ, आणि पर्यायाने अपुरी झोप, हेही दिवसाच्या अस्वस्थतेचे कारण असू शकते. ‘तारे जमीं पर’ या २००७ मधील चित्रपटामुळे डिसलेक्सिया हा शब्द घराघरांत पोहोचला. ती अध्ययन अक्षमता निराळी असली तरी अवधानन्यूनतेच्या जोडीने अनेकदा आढळते, म्हणून तिचीही चाचणी करून घेणे इष्ट ठरते.

प्रशिक्षण मुलाचे नव्हे, पालकांचे

लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये अशा ४३ मुलांचे वर्णन केले, तेव्हा त्यांनी या अवस्थेला नैतिक नियंत्रणातील दोष मानले होते. शास्त्राने तो शब्द केव्हाच टाकून दिला. घरोघरी मात्र ‘मुद्दाम करतो’, ‘लाडाने बिघडला’ ही भाषा अजून टिकून आहे. औषधाविना उपचारांची सुरुवात हा समज दूर करण्यापासून होते, कारण ज्या उपचाराला सर्वाधिक आधार आहे तो मुलावर करायचाच नसतो. तो पालकांनी शिकायचा असतो. ‘वर्तन-व्यवस्थापनाचे पालक प्रशिक्षण’ असे त्याचे स्वरूप असून साधारणपणे आठवड्याला एक याप्रमाणे आठ ते बारा बैठकांत ते दिले जाते.

त्यामागील विचार साधा आहे. या मुलांना काय करावे हे ठाऊक असते. ठाऊक असलेले नेमक्या क्षणी हातून घडत नाही. दूरचे बक्षीस आणि दूरची शिक्षा या दोन्हींचा त्यांच्यावर फारसा अंमल चालत नाही. तिसरीतल्या मुलाला दहावीच्या निकालाची भीती घालणे म्हणूनच व्यर्थ असते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कले यांनी पालकांसाठी एक अडाखा सांगितला आहे : आत्मनियमनाच्या बाबतीत हे मूल आपल्या वयापेक्षा सुमारे ३० टक्के मागे आहे असे धरून चालावे. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाकडून सात वर्षांच्या मुलाइतक्याच शिस्तीची अपेक्षा ठेवावी. हा अडाखा मनाशी ठेवला तरी घरातले निम्मे वाद टळतात.

प्रशिक्षणाची पहिली पायरी पालकांना बहुधा अनपेक्षित वाटते. रोज दहा-पंधरा मिनिटे मुलासोबत त्याच्या आवडीचा खेळ खेळायचा. त्या वेळात सूचना नाही, प्रश्न नाही, अभ्यासाचा विषय नाही. दिवसभर फक्त चुकांसाठीच हाक ऐकणाऱ्या मुलाशी बिघडलेले नाते त्यामुळे सावरू लागते, आणि पुढच्या साऱ्या उपायांचा पाया तेच नाते असते. रात्री आठनंतर लोकलमधून घरी पोहोचणाऱ्या आईवडिलांनाही एवढी पंधरा मिनिटे काढता येतात.

त्यानंतर सूचना देण्याची रीत बदलावी लागते. स्वयंपाकघरातून ‘आवर, दप्तर भर, बूट कुठे टाकलेस?’ असा एकत्र मारा केला तर त्यातले काहीच पोहोचत नाही. मुलाजवळ जाऊन, नजरेला नजर मिळवून, एका वेळी एकच सूचना द्यावी आणि ती पाळली गेली की तत्काळ, नेमक्या शब्दांत दाद द्यावी. ‘शहाणा माझा’ यापेक्षा ‘सांगितल्याबरोबर दप्तर भरलेस’ हे अधिक उपयोगी पडते. पुढची पायरी गुणतक्त्याची. तीन-चार ठरावीक कामांसाठी गुण द्यायचे आणि त्याच दिवशी, फार तर त्याच आठवड्यात, ते मुलाला आवडीच्या गोष्टीसाठी खर्चू द्यायचे. वर्षअखेरीस सायकल घेण्याचे आश्वासन इथे कुचकामी असते. किरकोळ चाळ्यांकडे हेतुपुरस्सर दुर्लक्ष करणे आणि गंभीर वागणुकीसाठी आधी ठरलेली, सौम्य पण न चुकणारी शिक्षा करणे, हेही याच पद्धतीत बसते. मारहाणीला तीत जागा नाही. तिने मूल तेवढ्यापुरते थांबते आणि आक्रमकता वाढते.

एक इशारा आधीच द्यायला हवा. ज्या हट्टाला पूर्वी दाद मिळत होती त्याकडे दुर्लक्ष सुरू झाले की काही दिवस तो हट्ट वाढतो. नेमक्या याच टप्प्यावर अनेक घरे माघार घेतात. आजी-आजोबा सोबत राहत असतील तर त्यांनाही बैठकीला नेणे शहाणपणाचे, कारण बाबांनी नाकारलेले चॉकलेट आजीच्या डब्यातून मिळत असेल तर तक्ता भिंतीवर शोभेपुरताच उरतो.

शाळेसाठी ‘रोजचे पत्रक’ हे सर्वांत सोपे साधन आहे. ‘हात वर करून बोलला’, ‘वर्गपाठ पूर्ण केला’ अशा तीन-चार ओळींपुढे शिक्षकांनी खूण करायची आणि बक्षीस घरी द्यायचे. साठ मुलांच्या वर्गात बाईंकडून याहून अधिक अपेक्षा ठेवणे न्याय्य नाही. पुढचे बाक, लहान तुकड्यांत दिलेले काम आणि मध्येच खडू आणायला किंवा फळा पुसायला उठण्याची मुभा यांचाही उपयोग होतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या परिशिष्टात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, अवधानन्यूनतेचा स्वतंत्र उल्लेख मात्र नाही. त्यामुळे अनेक सोयी शाळेच्या समजूतदारपणावरच अवलंबून राहतात.

पुरावा काय सांगतो?

या विषयावरील सर्वांत गाजलेल्या अमेरिकी अभ्यासाचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ५७९ मुलांवर १४ महिने निरनिराळे उपचार करण्यात आले. चंचलता व अवधान या मूळ लक्षणांवर काटेकोरपणे दिलेले औषध वर्तनोपचारापेक्षा सरस ठरले. दोन्ही एकत्र मिळालेल्या मुलांना मात्र औषधाची मात्रा कमी पुरली. तीन वर्षांनी पाहिले तेव्हा गटागटांतील हे फरक मावळले होते. २०१३ मधील एका आढाव्याने आणखी एक कटू सत्य पुढे आणले. मुलाला कोणता उपचार मिळाला हे ठाऊक नसलेल्या व्यक्तींनी मूल्यमापन केले, तेव्हा वर्तनोपचाराचा मूळ लक्षणांवरील परिणाम जवळपास दिसेनासा झाला. मात्र पुढच्याच वर्षीच्या विश्लेषणात अशाच कसोटीवर पालकांच्या वागण्यात आणि मुलांच्या उद्दामपणात सुधारणा टिकून असल्याचे आढळले. तात्पर्य, पालक प्रशिक्षणाने मूल शांत होईलच असे नाही. रोजचे भांडण कमी होते, घर चालू लागते. ज्या घराने हे अनुभवले आहे त्याला ही प्राप्ती लहान वाटत नाही.

उपचारांच्या क्रमालाही महत्त्व आहे. १४६ मुलांच्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आधी वर्तनोपचार आणि गरज पडल्यास नंतर औषध, हा क्रम उलट क्रमापेक्षा लाभदायक ठरला. औषध आधी सुरू झाले की पालक प्रशिक्षणाला फारसे फिरकत नाहीत, असेही त्यात दिसले. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वे सहा वर्षांखालील मुलांसाठी पालक प्रशिक्षणालाच अग्रक्रम देतात. त्यापुढील वयात औषध आणि वर्तनोपचार या दोन्हींची शिफारस आहे.

आहार, व्यायाम आणि बाजार

साखरेने मुले उधळतात हा समज जगभर आहे. १९९५ मध्ये अनेक चाचण्यांचे एकत्र विश्लेषण केले असता त्याला आधार मिळाला नाही. त्याच्या आदल्या वर्षी झालेला एक प्रयोग तर मोठा बोलका आहे. मुलांना साखरविरहित पेय देऊन त्यांच्या आयांना ‘भरपूर साखर दिली आहे’ असे सांगितले, तेव्हा त्या आयांना आपले मूल अधिक चंचल भासले. कृत्रिम रंगांची गोष्ट थोडी निराळी आहे. साउदॅम्प्टन येथील २००७ च्या अभ्यासात काही खाद्यरंग व सोडियम बेंझोएट यांच्या मिश्रणाचा सर्वसामान्य मुलांवरही थोडा परिणाम दिसला आणि २०१० पासून युरोपीय संघात अशा सहा रंगांच्या पदार्थांवर इशारा छापणे बंधनकारक झाले. भडक रंगांच्या गोळ्या आणि सरबते टाळण्यात तोटा काहीच नाही. मात्र तोच उपचार समजू नये.

व्यायामाने काही काळ अवधान सुधारते. २००९ मधील एका छोट्या अभ्यासात उद्यानात वीस मिनिटे चालून आलेल्या मुलांचे लक्ष शहरी रस्त्यावर चालून आलेल्यांपेक्षा चांगले लागले. गृहपाठाआधी मैदानावर सोडणे हा म्हणूनच बिनखर्चाचा उपाय आहे, अर्थात मैदान जवळ उरले असेल तर. योगासनांचा सराव जरूर करावा, पण त्यावरचे अभ्यास अजून लहान आहेत. मेंदूच्या लहरी पाहून लक्ष ‘घडवणाऱ्या’ न्यूरोफीडबॅकसाठी पालक मोठी रक्कम मोजतात. १४४ मुलांवरील, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काटेकोर चाचणीत तो लुटुपुटीच्या उपचारापेक्षा सरस ठरला नाही. स्मरणशक्तीची टॉनिके आणि एकाग्रतेची हमी देणारे सुटीतले वर्ग यांच्या जाहिराती भरपूर असतात, पुरावा त्या मानाने फारच थोडा.

मूल धावत्या रस्त्यावर झेपावत असेल, शाळेतून काढण्याची वेळ आली असेल किंवा ते स्वतःला ‘मी वाईटच आहे’ म्हणू लागले असेल, तर केवळ तत्त्वापोटी औषध नाकारणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरते. हा निर्णय बालमनोविकारतज्ज्ञ किंवा विकासात्मक बालरोगतज्ज्ञ यांच्यासोबतच घ्यावा, आणि औषध सुरू झाले म्हणून तक्ता भिंतीवरून उतरवू नये.

ही अवस्था बऱ्याच प्रमाणात आनुवंशिक आहे. त्यामुळे ज्या आईला किंवा वडिलांना रोज तक्ता भरायचा असतो, त्यांचेही अवधान अनेकदा तितकेच अस्थिर असते. तक्ता उत्साहाने लागतो आणि तिसऱ्या आठवड्यात विसरला जातो. अशा घरात तक्त्याचे काम दुसऱ्या पालकाने घ्यावे, फोनमध्ये रोजच्या ठरावीक वेळेची घंटा लावावी, आणि पालकांनी स्वतःचीही तपासणी करून घेण्यात संकोच बाळगू नये.