अदोबो : नावाचा इतिहास आणि चुलीचा इतिहास

फिलिपिन्समधील घरोघरी शिजणारा पदार्थ म्हणून अदोबोचे नाव प्रथम घेतले जाते. डुकराचे वा कोंबडीचे मांस, शिरका, लसूण, मिरे, लॉरेलची पाने आणि बहुधा सोया सॉस, एवढीच त्याची सामग्री. सारे एका भांड्यात घालून मंद आचेवर ठेवायचे आणि शिरक्याला उकळी फुटेपर्यंत डाव घालायचा नाही, अन्यथा त्याचा कच्चेपणा राहतो, असा तेथील गृहिणींचा दंडक आहे. नाव मात्र स्पॅनिश. 'अदोबार' म्हणजे मसाल्यात मुरवणे. त्यावरून हा पदार्थ स्पेनची देणगी होय, असा निष्कर्ष सहज काढला जातो. तो तपासून पाहायला हवा.

१६१३ साली लागुना प्रांतातील पिला या गावी पेद्रो दे सान बुएनाव्हेंतुरा या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाचा तागालोग शब्दकोश छापला गेला. त्यात स्थानिकांच्या शिरक्यातील पदार्थाला 'देशी लोकांचा अदोबो' असे म्हटले आहे. यातील 'देशी लोकांचा' हे शब्द महत्त्वाचे आहेत. कोशकाराला आपल्या अदोबोशी असलेले साम्य दिसले, तसा भेदही दिसला. उष्ण, दमट हवेत मांस-मासळी टिकवण्यासाठी ताडवर्गीय झाडांच्या रसाचा शिरका वापरण्याची रीत त्या बेटांवर स्पॅनिशांच्या आधीपासून होती. पदार्थ देशी होता, उसने आले ते नाव. पुढे 'देशी' हे विशेषणही गळाले आणि मूळ नाव काळाच्या ओघात लुप्त झाले.

हा कोश छापणाऱ्यांत तोमास पिनपिन हा फिलिपिनो मुद्रक होता. त्यानेच १६१० साली तागालोग भाषकांना स्पॅनिश शिकवणारे पुस्तक लिहिले होते. म्हणजे नाव लादणारा परका आणि ते सोसणारा देशी, अशी सरळ वाटणी येथे करता येत नाही.

याच्या नेमके उलट उदाहरण सिनिगांगचे. आंबट रश्शाचा हा पदार्थ नावाने अस्सल तागालोग. पण त्याचा एक आवडता प्रकार पेरू घालून केला जातो आणि पेरूला तेथे म्हणतात 'बायाबास'. हा शब्द स्पॅनिश 'गुआयाबा'वरून आला. हे फळ अमेरिका खंडातले; मनिला आणि मेक्सिकोतील आकापुल्को यांच्यामध्ये १५६५ ते १८१५ या काळात चाललेल्या गलबतांच्या व्यापाराने ते तेथे पोचले. सोया सॉस चिनी व्यापाऱ्यांकडून आला. परक्या नावाखाली देशी पदार्थ नांदतो आणि देशी नावाच्या पदार्थात परके फळ शिजते. मग अस्सल कशाला म्हणायचे?

गोव्याचे विंदालू या संदर्भात आठवते. त्याचे नाव मद्य आणि लसूण या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दांतून आले. मद्याची जागा पुढे माडाच्या शिरक्याने घेतली. तेथे परका पदार्थ देशी झाला, तर अदोबोत देशी पदार्थावर परके नाव बसले. आज ताटात वाढलेले पाहून हा फरक उमगत नाही. त्यासाठी शब्दांकडेच जावे लागते.

हे काम साक्षेपाने केले ते डोरीन फर्नांडिस (१९३४-२००२) यांनी. मनिलातील अतेनेओ विद्यापीठात त्या साहित्य शिकवीत आणि रंगभूमीच्या अभ्यासक होत्या. परक्या पदार्थाचे देशीकरण कसे होते, कोणता घटक बदलतो, पदार्थ कोणत्या प्रसंगी ताटात येतो, हे प्रश्न त्यांनी एखाद्या संहितेला विचारावेत तसे अन्नाला विचारले. साहित्याच्या अभ्यासकांनी त्यांची ही पद्धत अवश्य पाहावी.

२०२१ साली फिलिपिन्सच्या व्यापार खात्याने अदोबोची प्रमाण पाककृती ठरवण्याचे योजले, तेव्हा लोकांनी नाराजी व्यक्त केली. ही कृती घरांवर बंधनकारक नाही, असा खुलासा खात्याला करावा लागला. कोणी हळद घालतो, कोणी नारळाचे दूध, कोणी सोया सॉस मुळीच घालत नाही. चारशे वर्षांपूर्वी कोशाने या पदार्थाला एक नाव दिले आणि त्यापुढे आधीचे नाव टिकले नाही. आता त्याला एकच कृती देऊ पाहणाऱ्यांना घराघरांतून विरोध झाला, याचे कारण या इतिहासात सापडते. नाव गेले तरी रीत जगली, कारण ती कोणत्याही एका कागदावर अवलंबून नव्हती.