समलिंगी आकर्षणाचे मूळ : आधी मत, मग कारण

समलिंगी आकर्षण कशामुळे उत्पन्न होते, हा प्रश्न वरकरणी विज्ञानाचा आहे. मात्र आपल्यापैकी बहुतेकांचे उत्तर नैतिक मतावर ठरलेले असते. ज्यांना असे आचरण पापमय वाटते, ते सहसा संगत, संगोपन अथवा स्वेच्छा यांकडे बोट दाखवतात. ज्यांना त्यात गैर वाटत नाही, ते ‘हे जन्मजातच’ म्हणतात. जे माणसाच्या हाती आहे त्याबद्दल आपण दोष देतो, जे हाती नाही त्याबद्दल कणव बाळगतो, असे मानसशास्त्र सांगते. परंतु हे चक्र उलटेही फिरते : दोष द्यायचा हे आधी ठरते आणि कारण मागाहून शोधले जाते.

अमेरिकेतील गॅलप संस्थेची पाहणी या दृष्टीने बोलकी आहे. १९७७ साली १३ टक्के लोक हा कल जन्मजात मानत, तर ५६ टक्के संगोपन व परिस्थितीला कारण समजत. २०१५ मध्ये हेच प्रमाण अनुक्रमे ५१ व ३० टक्के झाले. या काळात विज्ञानाने निर्णायक पुरावा दिला होता काय? नाही. बदलला होता तो समाजाचा नैतिक दृष्टिकोन. पुढे २०१९ साली सुमारे पावणेपाच लाख व्यक्तींच्या जनुकांचा अभ्यास ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात अनुवंशाचा वाटा आढळला, पण कल ठरवणारे असे एकच जनुक नाही, हेही स्पष्ट झाले. अर्थात, जनुक सापडले नाही म्हणजे तो कल स्वेच्छेने निवडलेला असतो, असे मुळीच नव्हे.

ख्रिस्तसभेने आपली शिकवण कारणावर आधारलेली नाही. समलिंगी कृतींविषयीचा तिचा नैतिक निर्णय सर्वश्रुत आहे. तथापि कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथाचा २३५७ वा परिच्छेद या आकर्षणाचे मानसिक मूळ बव्हंशी अनाकलनीय असल्याचे मान्य करतो. १९९२ च्या आवृत्तीत, या व्यक्ती आपली अवस्था स्वतः निवडत नाहीत, असे विधान होते. १९९७ च्या अधिकृत लॅटिन पाठात ते वगळण्यात आले. आदर, करुणा व संवेदनशीलतेने त्यांचा स्वीकार करण्याची आज्ञा मात्र दोन्हींत कायम आहे.

‘तुमच्याच संस्कारांत काही कमी पडले’ असे एखाद्या मातापित्यांना छातीठोकपणे ऐकवणारा म्हणूनच ख्रिस्तसभेच्याही पुढे जाऊन बोलत असतो. विज्ञानातही त्याला आधार नाही. १९९७ साली अमेरिकेतील महागुरूंच्या विवाह व कुटुंबविषयक समितीने अशाच पालकांना उद्देशून संदेश काढला होता. मुलाच्या कलाबद्दल स्वतःला दोष देऊ नका, असे त्यात त्यांना सांगितलेले आहे.