गोड्या पाण्यांतील ‘शार्क’

इ. स. १९२३ सालीं सयामच्या सरकारनें आपल्या मत्स्यव्यवसायासाठीं एका अमेरिकन पंडितास सल्लागार म्हणून बोलावून घेतलें. ह्यू मॅककॉर्मिक स्मिथ हें त्याचें नांव. अमेरिकेच्या मत्स्यखात्याच्या आयुक्तपदावरून तो नुकताच उतरला होता. पन्नाशी उलटून गेल्यावर एका परक्या देशांतील नद्या, कालवे आणि दलदली धुंडाळण्याचें काम त्यानें अंगावर घेतलें, आणि तें बारा वर्षें नेटानें केलें. १९३१ सालीं त्यानें ज्या एका नव्या माशाचें वर्णन प्रसिद्ध केलें तो वीतभरहि लांब नव्हता. अंग मखमलीसारखें काळें आणि शेपटी तेवढी निखाऱ्यासारखी लाल! स्मिथनें त्यास ‘लेबिओ बायकलर’, म्हणजे दुरंगी लेबिओ, असें नांव दिलें. लेबिओ ही आपल्या रोहूची प्रजाति होय. पुढें शास्त्रज्ञांनीं या माशाची प्रजाति बदलली, नांव अधिकच अवघड झालें. पण कूळ तेंच राहिलें. सारांश, जगभरच्या काचपेट्यांतून ‘लाल शेपटीचा शार्क’ म्हणून जो मिरवतो तो मुशीचा कोणीहि नसून रोहूचा भाऊबंद आहे.

मग हें शार्क नांव त्यास चिकटलें कसें? पाठीवर त्रिकोणी उभा पर, निमुळतें शरीर आणि पाणी कापीत जाण्याची ऐट, एवढ्यावर व्यापाऱ्यांनीं बारसें उरकलें. खऱ्या मुशीचा सांगाडा हाडांचा नसतो, कूर्चेचा असतो. तिच्या मानेवर श्वासाच्या उघड्या फटी असतात. या माशाला हाडें आहेत, खवले आहेत, आणि तोंडापाशीं मिशाहि आहेत. गोड्या पाण्यांत खरी मुशी मुळींच नाहीं असें मात्र नव्हे. गंगेच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या मुशीचें वर्णन म्युलर व हेन्ले या जर्मन पंडितांनीं १८३९ सालींच केलें. पण तो दुर्मिळ आणि पुरुषभर लांबीचा प्राणी दिवाणखान्यांत ठेवण्याची गोष्ट कोणी बोलूं नये.

दुसऱ्या एका ‘शार्क’ची कथा याहून जुनी आहे. पीटर ब्लीकर हा डच लष्करी डॉक्टर १८४२ सालीं बटाव्हियास आला आणि १८६० पर्यंत त्या मुलखांत राहिला. रोग्यांची सेवा संभाळून त्यानें माशांचा जो अभ्यास केला तो पाहून आजचे विद्वानहि थक्क होतात. रुपेरी अंगाच्या आणि काळ्या काठाच्या परांच्या एका माशाची नोंद त्यानें १८५० सालीं केली. तोच आजचा ‘बाला शार्क’. सयाममधील अशाच माशांना पुष्कळ काळ याच जातींत गणलें जाई. २००७ साली एन्‌ग आणि कोटेलाट या दोघांनीं ती जात निराळी असल्याचें दाखवून तिला नांव दिलें. परंतु हें बारसें होईपर्यंत ती जात बहुधा जगांतून नाहींशी झाली होती.

घरच्या काचपेटीसाठीं निवड करणाऱ्या गृहस्थाची फसगत मुख्यतः आकारामुळें होते. दुकानांत बाला शार्क दोन-तीन इंचांचा दिसतो. वाढ पुरी झाली कीं तो फुटाहून मोठा होतो. शिवाय तो कळपाचा मासा. पांच-सहा सोबती आणि सहा फूट लांबीची पेटी देण्याची तयारी नसेल तर त्याच्या वाटेस न जाणें बरें. तो उड्याहि मारतो, म्हणून पेटीवर झांकण हवेंच. ‘इरिडेसंट शार्क’ या नांवानें विकलें जाणारें पिल्लूं तर त्याहून फसवें. तो शिंगाळ्याच्या वर्गांतला मासा असून सोव्हाज या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८७८ सालीं त्याचें वर्णन केलें. तो चार फुटांपर्यंत वाढतो, आणि दचकला कीं कांचेवर जाऊन आदळतो. महाराष्ट्रांतील धरणांच्या जलाशयांत पिंजरे टाकून जो पंगस वाढवितात तो हाच! त्याची योग्य जागा जलाशयांत किंवा ताटांत आहे; काचपेटींत खास नाहीं.

लाल शेपटीचा मासा आकारानें सोयीचा, पण स्वभावानें भांडखोर. पेटीच्या तळाचा मुलूख तो आपला मानतो आणि स्वतःसारख्या दिसणाऱ्या कोणासहि तेथें टिकूं देत नाहीं. म्हणून चार फुटी पेटींत तो एकच असावा. दगड, लांकूड आणि वनस्पति यांचे आडोसे असावे. आणि सोबतीस वरच्या थरांत वावरणारे चपळ मासे असावे. त्याचा चुलतभाऊ ‘रेनबो शार्क’ त्याच पेटींत सोडणें म्हणजे एका वाड्यांत दोन पाटील बसविणें होय.

शांत मासा हवा असेल तर सह्याद्रीकडे पाहावें. त्रावणकोरच्या डोंगरांतील मुंडकयम येथला एक मासा फ्रान्सिस डे यानें १८६५ सालीं वर्णिला व त्यास मद्रासचे गव्हर्नर सर विल्यम डेनिसन यांचें नांव दिलें. अंगावर तांबडी व काळी रेघ असलेला हा मासा बाजारांत ‘रोझलाइन शार्क’ म्हणून जातो. कळपानें, वाहत्या व थोड्या थंड पाण्यांत तो सुखानें राहतो. परंतु परदेशच्या मागणीनें ओढ्यांतून त्याची इतकी लूट झाली कीं केरळ सरकारला २००८ साली पकडीवर निर्बंध घालावे लागले. विकत घेतांना पैदास-केंद्रांत जन्मलेलाच मासा मागावा, याचें कारण एवढेंच.

पैदाशीची विद्या कांहीं परकी नव्हे. १९५७ सालीं कटक येथें हिरालाल चौधरी यांनीं पिट्यूटरी ग्रंथीचा अर्क टोचून रोहूच्या कुळांतील माशांकडून बंद तळ्यांत अंडीं घालवून घेतलीं. थायलंडमधील मत्स्यशाळांत लाल शेपटीच्या माशाचीं पिल्लें अशाच संप्रेरकांच्या टोचणीनें मिळवितात. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटपासून युरोपच्या दुकानांपर्यंत तीं हजारोंनीं जातात. स्मिथच्या काळीं मात्र हा मासा बुंग बोरापेतच्या विस्तीर्ण दलदलींत आणि पाकनामपोपर्यंतच्या प्रवाहांत आढळे. पुढें धरणें झालीं, दलदली आटविल्या गेल्या, आणि १९९६ सालीं तो निसर्गांतून नष्ट झाल्याची नोंद करण्यांत आली. ती नोंद मागाहून दुरुस्त करावी लागली. कारण चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यांत एका ठिकाणीं तो अजून जिवंत असल्याचें आढळून आलें.