यजमानाची नोंद : इंग्लंडमधील शेतावरच्या तंबूतळाचा इतिहास

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने 1878 साली एका गाढवीला सोबत घेऊन दक्षिण फ्रान्समधील सेव्हेन पर्वतराजीतून पायी प्रवास केला आणि पुढच्याच वर्षी त्या प्रवासावरचे पुस्तक प्रसिद्ध केले. पाइन वृक्षांखाली उघड्यावर काढलेल्या एका रात्रीनंतर सकाळी निघताना त्याने वाटेतल्या हिरवळीवर नाणी टाकली, आणि आपल्या मुक्कामाचे भाडे चुकते केले. यजमान समोर नव्हताच. पैसे जमिनीला दिले गेले. ती नाणी कोणा धनवंत, उर्मट गुराख्याच्या हाती लागली नसावीत, एवढी काळजी मात्र त्याने केली आहे. उघड्यावरील मुक्कामाचे इंग्रजी वाङ्मय ज्या वृत्तीने पुढे वाढले, ती वृत्ती या लहानशा कृतीत जवळजवळ पूर्णपणे दिसते. पाहुणा कृतज्ञ आहे, विनोदी आहे, देणेकरीही आहे. परंतु कुरण कोणी राखले आणि त्यावर कोणाची गुरे चरतात, हे त्याच्या लेखणीच्या कक्षेत येत नाही.

शेतकरी कुटुंबाने आपल्या कुरणाचा एखादा तुकडा तंबूंसाठी मोकळा करावा, पाणी, दूध, अंडी पुरवावीत आणि रात्रीमागे ठरावीक रक्कम घ्यावी, ही इंग्लंडमधील व्यवस्था गेल्या सव्वाशे वर्षांत रुळली. तिच्यासाठी मराठीत नेमका शब्द नाही. ‘शिबिर’ म्हटले की शिस्त आणि उद्देश येतो. ‘छावणी’ लष्करी किंवा दुष्काळी. ‘कॅम्प’ म्हणताच पुणेकराला शहराचा एक भागच आठवतो. ‘तळ’ हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा. पण तळ ‘पडतो’ किंवा ‘दिला जातो’, आणि दोन्ही क्रियापदांत कर्तेपण येणाऱ्याचेच असते. ज्याच्या जमिनीवर तो पडतो त्याला व्याकरणातही जागा मिळालेली नाही.

इंग्लंडमधील हौशी तंबूवासाच्या इतिहासाचा आरंभ बहुधा टॉमस हायरम होल्डिंग या शिंप्यापासून केला जातो. लहानपणी, 1853 साली, आईवडिलांसोबत त्याने अमेरिकेची गवताळ मैदाने बैलगाड्यांच्या तांड्याबरोबर ओलांडली होती. पुढे सायकलवर नेता येईल असा हलका तंबू त्याने घडवला, आयर्लंडमधील कॉनेमारा भागातील सायकलप्रवासावर 1898 मध्ये पुस्तक लिहिले, 1901 मध्ये सायकलस्वार तंबूवाल्यांची संघटना उभी केली आणि 1908 मध्ये या विषयाचे जाडजूड मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध केले. कापड, शिवण, वजन आणि शेगडी यांविषयी हा ग्रंथकार अत्यंत काटेकोर आहे. ते स्वाभाविकच, शिंप्याला तंबू ही शिवलेली वस्तू वाटणार. पण त्याच्यानंतर हा इतिहास तंबूचाच इतिहास होऊन बसला आणि तंबूखालची जमीन मागे पडली.

यजमानानेच नियम लिहिले आणि म्हणून यजमानाचे नाव उरले, अशी दोन उदाहरणे आहेत. लिव्हरपूलच्या जोसेफ कनिंगहॅम आणि त्याची पत्नी एलिझाबेथ यांनी 1894 मध्ये आयल ऑफ मॅन बेटावर हाउस्ट्रेक येथे तरुण पुरुषांसाठी तंबूंचा तळ सुरू केला व 1904 मध्ये तो डग्लस शहरालगत हलवला. तेथे मद्याला सक्त मनाई होती. दुसरे उदाहरण जॉन फ्लेचर डॉड या किराणा व्यापाऱ्याचे. समाजवादी विचारांच्या या गृहस्थाने 1906 मध्ये नॉरफोकच्या किनाऱ्यावर केस्टर येथे आपल्या घराच्या आवारात तंबू उभारले. मद्यबंदी, कामाची वाटणी आणि रात्री उशिरा मोठ्याने बोलण्यास बंदी हे त्याचे दंडक. दोन्ही ठिकाणी यजमान हा शिक्षक, किंबहुना धर्मोपदेशक आहे. पाहुण्याला सुधारणे हा त्याच्या आतिथ्याचा भाग आहे. कनिंगहॅम तळाला पुढे वेगळेच वळण लागले. 1914 मध्ये युद्ध सुरू होताच त्याच तंबूंत शत्रुदेशीय नागरिकांना स्थानबद्ध करण्यात आले आणि त्या नोव्हेंबरात भोजनगृहात उसळलेल्या दंगलीवर पहाऱ्यावरील शिपायांनी गोळीबार केला. त्यात काही स्थानबद्ध मृत्यू पावले. सुट्टीचा तळ आणि बंदिवासाची छावणी यांच्यातले अंतर मराठी शब्दकोशात दिसते तेवढेही मोठे नव्हते.

परंतु ही दोन्ही स्थळे शेतापासून दूर गेलेली. शेतावरच्या तळाचे खरे वाङ्मयीन चित्र 1930 साली आर्थर रॅन्समच्या ‘स्वॅलोज अँड अ‍ॅमेझॉन्स’ या बालकादंबरीत आले. वॉकर कुटुंबातील चार मुले सरोवराच्या प्रदेशातील एका बेटावर तंबू ठोकून राहतात. वडील नौदलात अधिकारी, दूर पूर्वेकडे निघालेले. मुले स्वतःला संशोधक व दर्यावर्दी समजतात आणि किनाऱ्यावरील प्रौढ माणसांना ‘नेटिव्ह’ म्हणतात. रोज सकाळी होडी वल्हवत ती डिक्सन यांच्या शेतावर दूध आणायला जातात. गृहिणी त्यांना दूध देते, खाऊही देते. जंगलात कोळसा पाडणारे वृद्ध बापलेक मुलांच्या भाषेत तर ‘रानटी’ ठरतात.

‘नेटिव्ह’ हा शब्द एकोणिसाव्या शतकातील मराठी वृत्तपत्रे वाचलेल्या अभ्यासकाला परका नाही. त्याची बोच अजूनही पुरती बोथट झालेली नाही. रॅन्समच्या मुलांच्या तोंडी तो खेळाचा आहे, त्यात तुच्छता नाही, आणि मुलांची आईही त्या खेळात आनंदाने ‘नेटिव्ह’ होते, हे सांगायलाच हवे. तरीही शब्दाने आपले काम केलेच. साम्राज्याच्या कारभारात घडलेली एक नातेव्यवस्था इंग्लंडच्याच ग्रामीण कुटुंबावर बसवली गेली: येणारा प्रवासी तो शोधक, राहणारा तो भूदृश्याचा भाग. दुधाचे भांडे रोज पानावर येते. ते भरण्यासाठी पहाटे गोठ्यात कोण होते, ते येत नाही. लक्षणीय गोष्ट अशी की, 1933 च्या ‘विंटर हॉलिडे’ या कादंबरीत दुसरी दोन मुले डिक्सन यांच्या घरातच मुक्कामाला येतात, आणि त्यांतला मुलगा कड्यावर अडकलेली मेंढी सोडवतो. तेव्हा अबोल डिक्सन एकाएकी माणूस म्हणून उभा राहतो. मुलांसाठी बर्फावरची घसरगाडी बनवू लागतो. पाहुणा कुरणातून उंबरठ्याच्या आत आल्यावरच यजमानाला हात, कसब आणि मेंढरांची चिंता लाभते.

भारतातील पूर्वपीठिका येथे ओघानेच येते. एमिली ईडन आपला भाऊ, गव्हर्नर-जनरल लॉर्ड ऑकलंड, याच्याबरोबर 1837 च्या ऑक्टोबरात उत्तरेकडे निघाली तेव्हा त्या चालत्या तळात सुमारे 12 हजार माणसे होती. 1866 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या पत्रांत कानपूर भागातील दुष्काळाची, तळाशी येऊन पोहोचणाऱ्या उपाशी माणसांची वर्णने आहेत. ती ज्या सहृदयतेने लिहिली आहेत तिच्यावर शंका घेण्याचे कारण नाही. पण असा तळ ज्या मुलखातून जातो तेथील चारा, दूध, लाकूडफाटा हे सारे पुरवणारे हात पत्रांच्या परिघावरच राहतात. कलेक्टरच्या हिवाळी फिरतीत हेच लहान प्रमाणावर, वेठीच्या जोरावर, दरसाल घडत असे. इंग्लिश शेतकऱ्याला पैसे मिळत आणि ‘नाही’ म्हणता येई, हा भेद अर्थातच मूलभूत आहे.

हे ‘नाही’ कोणाचे, हा प्रश्न 1932 मध्ये उघड झाला. त्या ईस्टरला रोवार्थ येथे तंबूत उतरलेल्या मँचेस्टरच्या काही कामगार तरुणांना ब्लीकलोच्या माळावरून शिकारराख्यांनी हुसकावून लावले. तेथूनच 24 एप्रिलच्या किंडर स्काउट येथील सामूहिक प्रवेशभंगाची कल्पना निघाली आणि त्यानंतर पाच जणांना कारावास झाला. तंबूला जागा मिळत होती, शेजारचा माळ बंद होता. जमीनदार आणि लहान शेतकरी यांना ‘जमीनवाले’ या एकाच सदरात टाकणाऱ्या इतिहासाला हा फरक दिसत नाही.

यजमानाची दखल कायद्याने घेतली, पण भोगवटादार म्हणून. 1936 च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याच्या 269 व्या कलमानुसार एखादी जमीन सलग 42 दिवसांपेक्षा अधिक, अथवा 12 महिन्यांत 60 दिवसांपेक्षा अधिक, तंबू वा फिरत्या निवासांसाठी वापरायची तर स्थानिक प्राधिकरणाचा परवाना आवश्यक ठरला; मान्यताप्राप्त संघटनांना त्यातून सूट मिळाली. दोन वर्षांनी भरपगारी रजेचा कायदा आला आणि पाहुण्यांची संख्या वाढण्याचा मार्ग खुला झाला. 1960 च्या कायद्याने कॅरव्हॅनसाठी परवाने सक्तीचे केले, पण किमान पाच एकरांच्या जमिनीवर वर्षातून 28 दिवस तीन कॅरव्हॅनपर्यंत मुभा ठेवली आणि संघटनांच्या प्रमाणपत्रावर पाच कॅरव्हॅनचे लहान तळ चालू दिले. शेतावरच्या कौटुंबिक तळाचा आकार निसर्गप्रेमाने जितका ठरवला त्याहून अधिक या अपवादकलमांनी ठरवला. पाच कॅरव्हॅन एका घराला सांभाळता येतात. पन्नास येत नाहीत. कंपनीला पाचांत रस नसतो. सवलतीच्या या फटीतच कुटुंब टिकले.

सरोवर प्रदेशात त्यात आणखी एक पदर आहे. बिअ‍ॅट्रिक्स पॉटर ही लेखिका 1943 मध्ये निवर्तली तेव्हा तिने चार हजारांहून अधिक एकर जमीन व अनेक शेते नॅशनल ट्रस्टला दिली. तेथे हर्डविक जातीच्या मेंढ्यांचे कळप राखले जावेत, ही तिची इच्छा होती. अशा शेतावर राबणारे कुटुंब स्वतः कूळ असते. तंबूवाल्याचा यजमान आणि ट्रस्टचा भाडेकरू अशी दुहेरी भूमिका त्याच्याकडे येते.

2001 मध्ये लाळ-खुरकताच्या साथीत ब्रिटनमध्ये 60 लाखांहून अधिक जनावरे मारण्यात आली. कंब्रियाला सर्वाधिक झळ पोहोचली. पायवाटा बंद झाल्या, तळ ओस पडले, आणि ग्रामीण भागाचे उत्पन्न पाहुण्यांवर किती अवलंबून आहे हे शेतीखात्यापेक्षा आधी शेतकऱ्यांच्या घरांना कळले. याच आपत्तीतून अनपेक्षितपणे यजमानांचे लेखन निघाले. लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी उत्तर कंब्रियातील 54 व्यक्तींना दर आठवड्याला रोजनिशी लिहिण्यास सांगितले. दीड वर्ष त्या लिहिल्या गेल्या. लिहिणाऱ्यांत शेतकरी होते, तसेच पर्यटनावर जगणारे लहान व्यावसायिकही होते. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी या रोजनिशींकडे आरोग्यशास्त्राचा दस्तऐवज म्हणून पाहून त्या बाजूला ठेवू नयेत. रॅन्समच्या पानांवर दुधाच्या भांड्यापाशी जे वाक्य थांबते, ते येथे पुढे चालू होते. मॅटरडेलच्या मेंढपाळ घराण्यातील जेम्स रीबँक्सचे ‘द शेफर्ड्स लाइफ’ 2015 मध्ये आले. वर्ड्‌स्वर्थपासून डोंगर चढणाऱ्यांपर्यंत साऱ्यांनी ज्या प्रदेशाला आपले निसर्गकाव्य मानले, तेथे आपले वडील व आजोबा कोठेच नाहीत, हा त्यातला वाद आहे. पाहुण्यांच्या पुस्तकांना दिलेले ते यजमानाच्या घरातले उत्तर आहे.

जुलै 2023 पासून इंग्लंडमध्ये कोणत्याही भूधारकाला नियोजन-परवान्याशिवाय वर्षातून 60 दिवस, 50 जागांपर्यंत, तात्पुरता तळ चालवता येतो. त्यासाठी दरवर्षी तळ सुरू होण्यापूर्वी जागेचा नकाशा, शौचालये व कचऱ्याची व्यवस्था आणि मुक्कामाच्या तारखा स्थानिक प्राधिकरणाला लेखी कळवाव्या लागतात.